लहान मापाची हेडगार्डं

लोखंडी गोळा नळीतून खाली आला, लाकडी डोक्यावर चढवलेल्या हेडगार्डवर धप्पकन आदळला आणि धक्का मोजणारा काटा लाल रेषा ओलांडून थरथरत थांबला. वहिनींनी हेडगार्ड बदललं. गोळा पुन्हा सोडला. काटा पुन्हा तिथेच.

बाहेर कंटेनरच्या गाडीत खोकी चढत होती. तायक्वांदो शिकणाऱ्या लहान मुलांची चार हजार हेडगार्डं, सहा ते नऊ वर्षांच्या मापाची, दुपारच्या आत बंदराकडे निघायची होती. तिथून समुद्रापलीकडच्या शाळांत. तपासणीच्या कागदावर तेवढी सही राहिली होती, आणि ती वहिनींची लागायची. मालकाच्या थोरल्या भावजय म्हणून सगळा कारखाना त्यांना वहिनी म्हणे. पण त्यांचा शब्द चालायचा तो या गोळ्यामुळे.

"झालं का?" मालकांनी, म्हणजे वहिनींच्या भाऊजींनी, दारातूनच विचारलं.

"फोम कधी बदललात?"

भाऊजी आत आले, दार लोटून घेतलं. "बदलला कुठे? नेहमीचा वेळेवर आला नाही. हा जरा हलका आहे, इतकंच."

वहिनींनी वाद घातला नाही. कपाटातून गेल्या वर्षीचं एक हेडगार्ड काढलं, लाकडी डोक्यावर बसवलं, गोळा सोडला. काटा अर्ध्यावरही चढला नाही.

"काटा जुना झालाय," भाऊजी म्हणाले, आणि आपल्याच बोलण्याची लाज वाटल्यासारखे खुर्चीत बसले. त्यांचे डोळे तारवटलेले होते. "वहिनी, पोरं खेळतात हो तिथे. जीव घ्यायला मारतात का एकमेकांना?"

"मग हेडगार्ड तरी कशाला घालतात?"

भाऊजींनी बाहेरच्या गाडीकडे बोट केलं.

"दीड वर्ष त्या लोकांच्या मागे लागलो होतो मी. आज गाडी रिकामी गेली तर ते दुसऱ्याचं दार धरतील. मग त्या आत बसल्यात ना शिवायला, त्यांना काय सांगायचं ते तुम्हीच बघा."

वहिनी उठल्या आणि खरंच शिवणखान्यात गेल्या.

आडपडदा न ठेवता त्यांनी सगळं सांगितलं. फोम हलका निघालाय. खोकी उघडायची, उसवायचं, नेहमीचा फोम आला की तो भरून पुन्हा शिवायचं. पंधरा दिवस तरी जातील. तोवर ऑर्डर राहील की जाईल, सांगता येत नाही.

दोघी-तिघींचे पाय मशिनवरून उचलले गेले. बाकीच्यांच्या मशिना चालूच राहिल्या. सगळ्यांत जुनी होती आक्का. तिने दातांनी दोरा तोडला.

"वहिनी, आमच्याही घरी पोरं आहेत."

आवाजात राग नव्हता. ती कोणाच्या बाजूने बोलली, हे वहिनींना क्षणभर कळेना. मग आक्काने मान खाली घातली, पुढचा तुकडा सुईखाली सरकवला, तेव्हा कळलं. काम बुडायला नको होतं तिला.

परत खोलीत आल्या तर भाऊजी टेबलापाशी उभे, हातात पेन. कागदावर सही झाली होती. वहिनींची. शेवटच्या अक्षराला त्या ओढतात तसा लांब फराटासुद्धा जिथल्या तिथे होता.

"तुमच्या हाताला नको ते," त्यांच्याकडे न बघता भाऊजी म्हणाले. "जे काय होईल ते माझ्या माथी."

"ते तुमच्या माथी नाही व्हायचं, भाऊजी. फाडा तो कागद."

भाऊजींनी कागदाची घडी घातली, खिशात टाकली आणि ते बाहेर पडले.

वहिनी मागोमाग धावल्या. त्या फाटकापाशी पोचल्या तेव्हा कंटेनरची दारं लागली होती, सील बसलं होतं. ड्रायव्हर खिडकीतून वाकला. "आता माझ्याकडे बघून काय उपयोग, बाई? सील लागलं की मी फक्त नेणारा." गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. भाऊजी फाटक लावत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

खोलीतल्या टेबलावर खोक्यांच्या लेबलांचा गठ्ठा उरला होता. वरच्या लेबलावर माल मागवणाऱ्यांचा नंबर छापलेला. वहिनींना त्या लोकांची भाषा येत नव्हती. लेबलं चिकटवताना भाऊजींना विचारून विचारून त्यावरचे चार शब्द तेवढे म्हणता येऊ लागले होते. त्यांनी फोन उचलला. नंबर लावताना दोनदा चुकला. मशिनांच्या घरघरीत ऐकू येईना म्हणून दुसऱ्या कानात बोट घातलं.

पलीकडे एका बाईने फोन घेतला.

वहिनींनी कारखान्याचं नाव सांगितलं. मग लेबलावर बोट फिरवत त्या बाईच्या भाषेत म्हणाल्या, "मुलं." पुढची ओळ शोधली. "डोकं." आता काय म्हणावं सुचेना. खाली बाण काढून 'उलटं ठेवू नका' असं छापलेलं होतं. त्यातलं 'नका' कुठलं, ते त्यांना ठाऊक होतं.

"नका."

त्या बाईने काहीतरी विचारलं. वहिनींना एक अक्षर कळलं नाही. तिलाही काही समजलेलं नाही, एवढं मात्र तिच्या आवाजातून कळलं. जवळजवळ ओरडूनच त्यांनी पुन्हा सुरुवात केली, तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि साऱ्या मशिना एकदम थांबल्या.

वहिनींनी आवाज खाली आणला नाही.

"मुलं. डोकं. नका."

शिवणखान्याच्या दारात, हातात डबे धरून, बायका एकेक करून येऊन उभ्या राहत होत्या.