वळणाआधीचा ब्रेक

"आदळली! परत आदळली!" शकुबाईनं कपाळावर हात मारला.

रत्नदीप ओट्यावर बसून तळहाताएवढ्या व्हिडिओ गेममधली लाल गाडी दोन्ही अंगठ्यांनी पळवत होता आणि म्हातारी त्याच्या खांद्यावरून डोकावत होती. चाकणच्या मित्राकडून लेकानं तो खेळ मागून आणला, तेव्हा तिनं नाक मुरडलं होतं. घोड्याएवढा झाला आणि खेळतोय काय! पण चार दिवसांत तिलाच त्याचं येड लागलं.

काय एकेक करामत! डोंगरातला रस्ता थेट आहुप्याच्या वाटेसारखा. चढाला इंजिन कण्हायचं, उताराला मोकळं व्हायचं. ब्रेक भलत्या जागी दाबला की गाडीचं मागलं अंग अगदी खऱ्यासारखं घसरायचं. ज्यानं कुणी हे बनवलं त्याच्या हाताला मानलं पाहिजे बाई, असं ती शेजारच्या साळुबाईला सांगत सुटायची.

खोडीही होत्या म्हणा. उन्हात पडद्यावर काही म्हणून दिसत नसे. क्लचचा पत्ता नाही. बॅटरी ऐन रंगात मान टाकायची आणि भारनियमनाचे दिवस, मग लाईट येईपर्यंत बसा बोंबलत. आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे गाडी कितीही जोरात आदळू द्या, बटण दाबलं की पुन्हा कोरी करकरीत.

"खऱ्यात असं असतं तर काय पायजे व्हतं," म्हणत शकुबाई चिंचेखालच्या जीपकडं बघायची.

जीप उन्हाळ्याच्या तोंडापासून तिथंच उभी होती. डिंभ्याच्या पुढं उजव्या वळणाला घसरली आणि डाव्या अंगानं दरडीवर आदळली. डावा दरवाजा चेपला, रत्नदीपचा डावा हात मोडला. सून रत्ना बरोबर होती, पण तिला साधं खरचटलंही नाही. नशीब पोरीचं, दुसरं काय!

हाड जुळलं, पण गियर टाकायला हात वळेना. आहुप्याहून माणसं आणि हिरड्याची पोती घेऊन घोडेगावला उतरायचं, हेच रत्नदीपचं पोट आणि हीच त्याची ऐट. शेवटी बाप भागुजी म्हणाला, "इकून टाकू." पिंपळवंडीचा गेणभाऊ आज जीप न्यायला येणार होता.

खेळून खेळून लेकाच्या हाताला बळ येईल, मनातली भीती मोडेल, एवढ्या आशेवर शकुबाई होती. आणि हा बाबा रोज त्याच एका उजव्या वळणावर जाऊन आदळत होता! रत्ना तर खेळाकडं ढुंकूनही बघत नसे. जीपजवळून जाताना झपाझप पावलं उचलायची. नवऱ्याच्या गाडीचा धसकाच घेतला होता बिचारीनं.

"आई, हे वळण काय जमंना बग," रत्नदीप म्हणाला.

"येवढी वर्सं गाडी हाकलीस ती काय झोपंत रं?"

त्यानं पुन्हा खेळ लावला. पुन्हा आदळली.

आत भाकरी थापणारे रत्नाचे हात थांबले. "वळणात नगा दाबू ब्रेक," ती न बघताच म्हणाली. "आदी दाबा."

"मग दाखव की," रत्नदीप म्हणाला.

"मला नाय जमायचं."

"जमत नाय तर सांगतीस कशाला?"

रत्ना तिरीमिरीत उठली. तिनं तशाच पिठाच्या हातांनी खेळ ओढून घेतला. पहिल्यांदा गाडी आदळली. तिनं ओठ चावला आणि परत सुरू केलं. वळण आलं. आधी ब्रेक, मग वळण, मग मोकळी गाडी. लाल गाडी सुळकन पलीकडं गेली.

"आगं बया! तू तर लई भारी निघालीस!" शकुबाईनं टाळी वाजवली. जीपवाल्याची बायको, बघून बघून शिकली असणार. पण तिला जमून काय उपयोग, या विचारानं म्हातारी लगेच हिरमुसली. रत्नदीप मात्र हसत होता. हरलेल्या माणसाचं तोंड काही असं नसतं.

बाहेर मोटारसायकल थांबली. "रत्नदीप, किल्ली आण रं!" भागुजीनं हाक मारली. "पावणं आलं!"

रत्नदीपनं खिशातून किल्ली काढली आणि रत्नाच्या पिठाळ हातावर ठेवली. "चल, घोडेगावला जाऊन येऊ."

"नगं." रत्नाचे डोळे भरून आले. "माझा हात थरथरतो."

"आत्ता कुटं थरथरला?"

तो तरातरा चिंचेखाली गेला, चेपलेला डावा दरवाजा करकरत उघडला आणि मोडका हात मांडीवर घेऊन आत बसला. रत्ना पदरानं डोळे पुसत मागोमाग आली.

शकुबाई चिडली. "आरं, तू तिकडं कुटं बसलास? गाडी कोण चालवणार?"

रत्नदीपनं आईकडं बघितलंही नाही. "बस रत्ना," तो म्हणाला, "त्या दिवशी बसली व्हतीस तितंच. फकस्त या टायमाला ब्रेक आदी दाब."