तात्यारावांची जागा

तात्यारावांच्या शोकसभेत चार शब्द बोलायला पाळक शांतवन उभे राहिले, तेव्हा त्यांच्या खिशात राजीनामा होता. सकाळीच लिहिला होता. घरी जाताना पोस्टात टाकायचा, एवढंच बाकी होतं.

बारा वर्षं झाली होती. सहा गावं, एक खटारा मोटारसायकल आणि कायमची धरलेली कंबर. पिंगळीच्या या चर्चमध्ये रविवारी पंचवीस-तीस माणसं यायची. निम्मी पेंगायची, उरलेली मोबाईल चाळायची. साडेदहाची रेल्वे भोंगा वाजवत गेली की झाडून सगळ्या माना खिडकीकडे. हे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणत शांतवन मान खाली घालायचे आणि उरलेलं प्रवचन वाचून टाकायचे.

एक तात्याराव तेवढे वेगळे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, पुरुषांच्या बाजूला पहिल्या बाकावर ताठ बसायचा. उपासना संपली की दारात कडक सलाम आणि ठरलेलं वाक्य, "आज लय चांगलं बोललात, पाळकसाहेब." त्या एका वाक्यावर शांतवन पुढचा आठवडा काढायचे. आता तो माणूसच मातीत गेला. थांबायचं तरी कुणासाठी?

शांतवनांच्या आधी गावातल्या चांगुणाबाई बोलून बसल्या होत्या. "माझ्या डोळ्याच्या आपरेशनला तात्याराव तीन दिस परभणीच्या दवाखान्यात बसून ऱ्हायले. मी आपली सुनेची गाऱ्हाणी सांगायलेय, अन् ते मान डोलवायलेत. माझं एवढं आजवर कुणी ऐकून घेतलं न्हाई." सगळ्यांनी माना हलवल्या. गावातल्या निम्म्या लोकांनी आपली दुखणी तात्यारावांपाशीच मोकळी केली होती.

शांतवन म्हणाले, "रेल्वे गेली की तुम्ही सगळे खिडकीकडे बघता. बारा वर्षांत तात्यारावांनी एकदाही मान वळवली नाही. देवाचं वचन ऐकावं तर असं." समोर बायकांच्या बाजूला तात्यारावांच्या पत्नी सरजाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत होते. शांतवनांनी बोलणं आवरतं घेतलं.

लोक पांगल्यावर ते म्हातारीजवळ गेले. "माफ करा, मी तुम्हाला रडवलं."

"रडत न्हवते, हसत होते." सरजाबाईंनी डोळे पुसले. "त्यांना ऐकूच येत न्हवतं, पाळकसाहेब. एक कान फौजेतच गेला, दुसरा तुमी यायच्या आदल्या साली. लोकांच्या तोंडाकडं बघून अंदाज घ्यायचे. तुमी तर खाली मान घालून बोलता. तुमचा एक शबूद कळला नसंल त्यांना."

शांतवन बाकावरच बसले. बारा वर्षांचं ते एकुलतं कौतुकही पोकळ निघालं. आता तर खिशातला राजीनामा पोस्टात टाकायलाच हवा, असं त्यांना वाटलं.

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"लोक बोलायचे बंद होतील म्हणायचे."

"आणि इथे? इथे कशाला यायचे?"

सरजाबाईंनी पलीकडच्या पहिल्या बाकाकडे पाहिलं. "लढाईत त्यांच्याकडं वायरलेस होता. चौकीवर गोळा पडला, संगतीचे समदे गेले. दोन दिस हे त्या डब्यात बोलत ऱ्हायले. पलीकडून कुणी हूं म्हणलं न्हाई. तुमी नवीन आलात, तवा घरी येऊन म्हणले, सरजे, ते पोरगं बोलायलंय अन् पलीकडं कुणीच न्हाई. मी बसत जातो समोर."

बाहेरून रेल्वे गेली. भोंगा लांबवर ऐकू येत राहिला. शांतवनांनी खिडकीकडे पाहिलं नाही. ते म्हातारीच्या तोंडाकडे बघत होते.

सरजाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. बायकांची बाजू सोडून पलीकडे गेल्या आणि पहिल्या बाकावरची धूळ पदराने पुसली.

"रविवारपासून हितं मी बसते," त्या म्हणाल्या. "पण मला ऐकू येतंय. तवा आता जरा चांगलं बोलत जावा."