अगं आई

कोकमं फोडून रुक्माचे हात लालभडक झाले होते, म्हणून तिने मोबाईल धाकट्या जावेसमोर सरकवला. "वाच गो. बाबल्याचा ईमेल असेल." लेक जहाजावर. भर समुद्रात फोन लागत नसे, यायचा तो ईमेलच.

जाऊ वाचू लागली. "आई, आमचं जहाज सागरकन्या परदेशात अडवलं आहे. मला सोडवायला तुमच्या बँकेचा पासवर्ड लगेच पाठवा. कोणाला सांगू नका."

"अगो बाई, माझं पोर! लिही, लिही पासवर्ड..." पहिली दोन अक्षरं सांगून रुक्मा थबकली. "काय म्हणाला? तुमच्या? पाठवा?"

"असंच लिहिलंय, जाऊबाई."

"मेल्या!" ती ताडकन उठली. "माझा बाबल्या रुसला तरी अगं आई, हसला तरी अगं आई. जहाजावर चढताना रडला, तेव्हाही अगं आईच! माझ्या लेकाचा आवाज चोरून मलाच लुटतोस? आईच्या काळजाची किल्ली करतोस काय रे?"

जाऊ हसली. "वाचलात. चोराला आईशी बोलता आलं नाही."

रुक्मा हसली नाही. "जहाजाचं नाव ठाऊक आहे त्याला. म्हणजे त्यावरच्या सगळ्यांची घरंही ठाऊक असणार." तिची नजर कुंपणापलीकडे गेली. तिथे सरसू एकटी राहायची. तिचा जावई त्याच जहाजावर होता.

लाल हात तसेच घेऊन रुक्मा धावत सुटली.

"सरसू, मोबाईल ठेव खाली! अगो, जावई तर तुला तुम्हीच म्हणतो!"