तिसरं लेकरू

"पुजा तुमचीच मुलगी?" कलेक्टर कचेरीतल्या साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब. माझीच," भिकाबाई म्हणाली.

साहेबांनी लिहून घेतलं. सरपंच भिकाबाईला विकास आणि दिपा ही दोन मुलं. पुजा तिसरी, २००३ सालची, दिपाही सोबत गेली त्या ऊसतोडीच्या हंगामात लांबच्या कारखान्यावर जन्मलेली. २००१ नंतर तिसरं मूल झालं, की कायद्यानं पद जात होतं. दिपा मागं उभी होती, पुजाला कडेवर घेऊन. नांदेडला ती वकिली शिकत होती. तिनं पुजाचं डोकं खांद्याशी धरलं.

बाहेर व्हरांड्यात गावातले तातेराव बसले होते. भिकाबाईचं पद काढा, हा अर्ज त्यांचाच होता.

"भिकाबाई, गावातल्या मेंबरांची तिसरी लेकरं मामाच्या नावावर असतात," ते हसत म्हणाले. "तुमच्या तांड्यात मामा न्हाईत का?"

"हायेत की. पर आमी लेकरू दुसऱ्याच्या दारात टाकत न्हाई."

दिपानं मान खाली घातली.

परतताना सेनगावच्या जीपमध्ये भिकाबाई दिपाशेजारी बसली. मग म्हणाली, "नळाचा पाईप तांड्याकडं येऊन राहिला होता. आता गावातच थांबन." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्या मामावाल्यांवर काहून अर्ज न्हाई?"

"पुरावा लागतो, याडी. कायदा पुरावा बघतो. तो राजकारण करत नाही."

परीक्षेत दिपानं हेच लिहिलं होतं. गुण चांगले पडले होते. दोघी लेकी आईला याडीच म्हणत. त्या याडीनं झोपलेल्या पुजाला स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं.

"तू परीक्षा दे," ती म्हणाली. "बाकी मी बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाबाईच्या छातीत कळ आली. सेनगावला नेईपर्यंत ती गेली.

आठवडाभरानं निकाल आला. सरपंच भिकाबाई अपात्र.

त्या संध्याकाळी तातेराव भेटायला आले. अंगणात सगळा तांडा बसलेला होता.

"निकालाचं आता काय," ते म्हणाले. "कायद्यानं बराबरच होतं. तीन लेकरं म्हणजे तीन. पर हे धाकटं बिनआईचं झालं, याचं वाईट वाटतं."

बायांनी डोळ्यांना पदर लावला. दिपानं पुजाला जवळ घेतलं.

"हिची याडी गेली न्हाई, काका," ती म्हणाली. "माझी गेली. हिची मी हाय, जन्मापासून."