स्प्रिंगची अँटेना

अँब्युलन्स चालवणाऱ्या दिराने मोडकी अँटेना वहिनीच्या काउंटरवर ठेवली. ही तिसरी. रेडिओचं दुकान वहिनीच चालवायची.

“भावजी, अँटेना मोडता की खाता?”

“वहिनी, शप्पथ! मोकळा रस्ता, वर नुसतं आभाळ. ना फांदी, ना तार. उद्या घाटात रेडिओ बंद पडला तर पेशंटचं काय?”

तिने तुकडा निरखला. हीसुद्धा बुडाशीच मोडली होती, आधीच्या दोन्हींसारखी.

“ताठ असते म्हणून मोडते. ही घ्या, बुडाला दणकट स्प्रिंग आहे. काही आलं की वाकेल, गेलं की उभी. कुणाला अडवायची नाही.”

दुकानासमोर, भर उन्हात, तिने ती स्वतः टपावर बसवली आणि टिचकी मारून पाहिली. अँटेना डोलली, स्थिर झाली. दोघं निवांत चहा प्यायला पायरीवर बसले. वाऱ्याचा मागमूस नव्हता.

पहिल्याच घोटाला वहिनीचा हात थबकला.

अँटेना सावकाश वाकत होती. वाकत वाकत टपाला टेकली, क्षणभर तशीच राहिली आणि अलगद उभी झाली.

मग रिकामी गाडी मागच्या अंगाला जराशी दबली, भरलेलं स्ट्रेचर आत घेतल्यावर दबते तशी.