काळवंडलेलं नाणं

“खरं सांगा, हे कुणी विस्तवावर धरलंय का?” लेकीने सराफाला विचारलं, आणि उत्तर नकोच असल्यासारखी काउंटरच्या काचेकडे बघत राहिली.

चांदीचं नाणं होतं, वडिलांना निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं. ते गेल्यापासून आईच्या उशाशी फळीवर असायचं. गुडघ्यांमुळे आईला वरच्या मजल्यावरून खालच्या अडगळीच्या खोलीत आणलं आणि थोड्याच दिवसांत नाणं काळंठिक्कर पडलं. काठाला निळसर झाक.

“तिनेच गॅसवर धरलं असणार,” दादा म्हणाला होता. कारण आईचं एकच पालुपद चालू होतं: दार लावलं की खोलीत कुजका वास येतो. दिवसा, खिडक्या उघड्या असताना, इतरांना तो कधीच आला नव्हता. उद्या तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं होतं.

सराफाने डोळ्याला भिंग लावलं. नाण्यावरून अंगठा फिरवला आणि तिला दाखवला. स्वच्छ होता.

“काजळी असती तर बोटाला लागली असती. याचा आगीशी संबंध नाही. गटाराचा वायू लागला की चांदी अशी होते. कुठे ठेवता? मोरीपाशी?”

“नाही हो. आईच्या खोलीत. तिथे साधा नळ नाही.”

“आज नसेल. पूर्वी असेल.”

घरी येताच तिने पदर खोचला. “दादा, जरा हात लाव.”

दोघांनी आईच्या खोलीतलं कपाट ओढलं. मागे फरशीत एक जाळी निघाली. कधीकाळी तिथे बेसिन असावं. पाणी पडायचं बंद झालं, तसं खालच्या पाइपातलं वास अडवणारं पाणी आटून गटाराच्या वायूला वाट मोकळी झाली होती. दादा वाकला आणि नाक धरून मागे सरला.

“आई, तू रोज यात झोपत होतीस?” त्याने विचारलं.

“सांगत होते की,” आई म्हणाली. “तुम्ही डॉक्टर शोधत होतात.”

प्लंबर येऊन भोक बुजवून गेला. दादाने स्वतः फोन करून उद्याची वेळ रद्द केली. सिमेंट वाळल्यावर लेक आईच्या खोलीत गेली, खिडक्या लावल्या, दार लावलं आणि पलंगावर टेकली.

“आता येतोय वास?”

आईने डोळे मिटून लांब श्वास घेतला.

“येतोय.”

लेक उठून बुजवलेल्या भोकाकडे वळली.

“तुझ्या डोक्याच्या तेलाचा,” आई म्हणाली. “ये इकडे. नीट जिरवलेलं नाहीस.”