पायगुण

कारखान्याच्या उंबऱ्याशी येऊन थोआ थांबली ती थांबलीच.

टेटची, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाची, सुट्टी संपली होती. नव्या वर्षात पहिलं पाऊल ज्याचं पडेल तसं पुढचं सगळं वर्ष जातं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून बाख मालक दर वर्षी मुहूर्त काढून आणायचा, आणि त्या मुहूर्तावर त्याच्या मच्छरदाण्यांच्या कारखान्यात आधी थोआ शिरायची, मग बाकीच्या बायका. थोआनं पाऊल टाकलं की शिलाईची मशीनं वर्षभर थांबत नाहीत, असं खुद्द बाखची आई गावभर सांगत सुटायची.

यंदाही बोलावणं आलं होतं. फक्त मधल्या मधे एक झालं होतं. ऐन सणाच्या तोंडावर बाखनं सगळ्यांच्या मजुरीतला चौथा हिस्सा कापला. "जिला पटत नसेल तिनं सुट्टीनंतर येऊ नये," म्हणाला, आणि वर प्रत्येकीच्या हातात बिस्किटांचा डबा ठेवला.

सुट्टीभर बायकांचं एकच चाललेलं, आता करायचं काय? "थोआताई, तू जाऊच नकोस. बसू दे त्याला वाट बघत," न्हान म्हणाली. न्हानची जीभ म्हणजे कात्रीच. दुसरी एक म्हणाली, गुपचूप जा, नोकरी आहे ती टिकव. थोआनं दोघींनाही हो हो केलं. तिची लेक शहरात नर्सिंग शिकत होती. मजुरी घटली तर लेकीची खोली सुटणार होती, आणि नोकरी गेली तर शिक्षणच. घरातून निघताना तिनं ठेवणीतला मखमली झगा घातला खरा, पण मनाचं काही ठरलं नव्हतं.

"या ताई, या! वेळ टळतेय," आतून बाख म्हणाला. राहतं घर कारखान्याच्या मागेच असल्यानं मायलेक आधीच आत होते. बाखच्या हातात तिच्यासाठी शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट होतं. पितरांच्या देव्हाऱ्यापुढे उकडलेली कोंबडी मांडून म्हातारी उदबत्त्या पेटवत होती.

थोआनं पाय उचलला, आणि तिच्या मनात एक शंका आली. पाय तिनं पुन्हा खाली ठेवला.

"भाऊ, एक विचारू?"

"आत येऊन विचारा की."

"आत आल्यावर काय उपयोग? ज्याचं वर्ष वाईट गेलं त्यानं पहिलं पाऊल टाकू नये म्हणतात ना?"

"तुमचं कुठं वाईट गेलं? चांगल्या ठणठणीत आहात."

"पण माझी मिळकत घटली ना, भाऊ. या पायानं आत आले आणि तुमचाही चौथा हिस्सा घटला तर? पाप माझ्या माथी."

मागे न्हान फिस्सकन हसली. थोआ मात्र चेष्टा करत नव्हती. तिला खरोखरच भीती वाटली होती, आणि ती भीती बाखच्याही तोंडावर उमटली.

तो उंबऱ्यापर्यंत आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुमची मजुरी होती तेवढी करतो. फक्त तुमची. चला आता."

थोआला मोह झाला. खोटं कशाला बोला, चांगलाच झाला. लेकीची खोली डोळ्यांपुढे आली. पण मागे बायका उभ्या होत्या, नव्या कपड्यांत, आणि त्यांनी ते ऐकलं होतं. थोआ कोणत्या बाजूला वळते ते बघायचं, एवढंच त्यांच्या डोळ्यांत होतं.

"माझं एकीचं पाऊल आजच्यापुरतं, भाऊ," ती म्हणाली. "वर्षभर हा उंबरा यांच्याच पायांखाली ना?"

"अहो, मी काय हौसेनं कापली मजुरी?" बाखचा पारा चढला. "धंदा बसलाय! साफ बसलाय! आणि मला कुणाच्या पायाची गरज नाही. कारखाना माझा, मीच टाकतो पहिलं पाऊल."

आणि खरंच तो उंबरा ओलांडून तरातरा बाहेर आला. बायकांनी वाट दिली. त्यानं कोट ठीक केला, तोंड आतल्या बाजूला केलं आणि उजवा पाय उचलला.

"थांब, मेल्या!" आतून म्हातारी कडाडली. "बसलेल्या धंद्याचं पाऊल घेऊन माझ्या घरात येतोस?"

"आई, अगं ते नुसतं बोलण्यात..."

"बोलण्यात म्हणजे? पितर ऐकताहेत. इथं खोटं चालायचं नाही. बसलाय का धंदा?"

बाखचा पाय अधांतरीच राहिला. त्यानं आईकडं पाहिलं, मग मान वळवून बायकांकडं. हातातलं लाल पाकीट त्यानं उगाच या हातातून त्या हातात घेतलं.

"अगदीच काही बसलेला नाही, आई," तो पुटपुटला. "म्हणजे... बरा चाललाय."

न्हाननं तोंड उघडलं. थोआनं तिचा हात दाबला आणि स्वतः दोन पावलं पुढे होऊन मालकाच्या शेजारी, उंबऱ्याच्या अलीकडेच, उभी राहिली.

"किती बरा, भाऊ?" तिनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.